श्रावणभाऊंची दुसरी सायकल

इकडे ये वं मीनू, अशी जवळ बस. कागदावर का होईना, पण बस. फोनवर ओरडून माझा गळा बसतो आणि तुझं अर्धं बोलणं वाऱ्यावर जातं. परवा पुण्याहून फोन केलास, चांगला पाऊण तास बोललीस. नवी सायकल घेतली, तिला गिअर किती, टायर किती रुंद, सीट कसली, मैत्रिणींबरोबर लांबच्या सहलीला जायचं तर सामान पुढं बांधायचं की मागं. आजी जेवली का, तिचा गुडघा कसा आहे, एक शब्द नाही. त्याचा राग नाही आला मला. राग आला तो शेवटच्या वाक्याचा. "जाऊ दे आजी, तुला यातलं काय कळणार!"

मला काय कळणार? अगं, मागच्या चाकाला चाळीस तारा आणि पुढच्याला बत्तीस काहून असतात, हे मला तुझ्या आईच्या जन्माच्या आधीपासून ठाऊक आहे. मागच्या चाकावर माणूस बसतो म्हणून. चढाला मागच्या चाकाचं अठरा दातांचं फ्रीव्हील, म्हणजे दातेरी चक्र, बरं, सपाट रस्त्याला सोळाचं, हेही ठाऊक आहे. ज्यांनी हे सगळं माझ्या कानावर घातलं ते आमच्या भिंतीपलीकडे राहत होते. श्रावणभाऊ. त्यांच्याबद्दल तुला कधी बोलले नाही. कुणालाच बोलले नाही. आता बोलते.

साठ-पासष्ट सालच्या सुमाराची गोष्ट. खापरखेड्याच्या पॉवर हाऊसच्या कॉलनीत आमचं क्वार्टर होतं. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे नळ. तुझे आजोबा स्टोअरमध्ये आणि श्रावणभाऊ वर्कशॉपमध्ये फिटर. भाऊंनी लग्न केलेलं नव्हतं. उंच, काटक माणूस, मान थोडी पुढे काढून चालायचा, जणू चालतानाही हँडलवर वाकला आहे. छप्पन साली त्यांच्या घरच्यांनी नागपुरात दीक्षा घेतली तेव्हा ते ऐन विशीत होते. घरात भिंतीवर बुद्धाचा फोटो, खाली एक खाट, आणि उरलेल्या जागेत सायकली. खरं सांगते, त्या खोलीत चूल एका कोपऱ्यात अंग चोरून असायची.

त्यांच्या खाकी पँटच्या खिशात एक सुतळी असे. तिला गाठी मारलेल्या. एक गाठ म्हणजे एक माणूस. माणसाला भिंतीला पाठ लावून उभं करायचं, टाचेपासून जांघेपर्यंत सुतळी धरायची आणि गाठ मारायची. मग त्या मापानं त्याची सीट. हँडल किती दूर ते हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत मोजायचं. तुझ्या आजोबांची सायकल त्यांनी अशी लावून दिली आणि आजोबांची कमरेची कुरकुर आठ दिवसांत थांबली.

"सायकल मानसाच्या मापाची पायजे, वैनी," ते म्हणत. "मानूस सायकलीच्या मापाचा करून राहिले लोक, म्हनून कमरा दुखते."

सीट एकदा बसवली की तिच्या दांड्यावर ते कानशीनं एक बारीक रेघ ओढत. ती त्या माणसाची खूण. पुढे कुणी सीट हलवली तर त्यांना लांबूनच दिसे आणि मग त्या माणसाची खैर नसे. एकदा आजोबांनी पाहुण्याला सायकल दिली, पाहुण्यानं सीट दोन बोटं खाली केली. श्रावणभाऊ संध्याकाळी ओट्यावर आले, सायकलीकडे पाहिलं, चहासुद्धा न घेता पाना काढला आणि सीट जागेवर आणून परत गेले. आजोबा मात्र पाहुण्यानं चोरी केल्यासारखे ओशाळले.

नोकरीवाल्या पाच-सहा जणांची त्यांनी एक रविवारची टोळीच उभी केली होती. सकाळी निघायचं, कधी रामटेक, कधी सावनेर, कधी खापा. संध्याकाळी धुळीनं माखून परत. आणि आदल्या दिवशी आमच्या ओट्यावर त्यांची चर्चा चाले. कॉटनचा टायर की नुसता रबरी, काड्यांचा ब्रेक की तारेचा, सीटच्या कातड्याला एरंडेल लावावं की जवसाचं तेल. मी भाकरी थापता थापता ऐकायची. एकदा वाद झाला सोळा दात की अठरा. आमच्या सासूबाई माजघरातून ओरडल्या, "अवो, कोनाच्या घरी लेकराले दात येऊन राहिले वं?" सगळे हसून हसून आडवे.

सामान घ्यायला ते नागपुरात सदरला जात. दुकानदार त्यांना पाहिलं की कपाळाला हात लावी. कारण भाऊ एक फ्रीव्हील घेण्यासाठी वीस फ्रीव्हीलं काउंटरवर मांडायला लावत. मग एक एक कानाशी धरून फिरवत. टिकटिकटिकटिक. डोळे मिटलेले. "हे नाई. याच्यात एक पल बसून राहिला." पल म्हणजे आतला बारीक खटका, तोच टिकटिक करतो. दुसरं. "हे घाई करते." मी एकदा त्यांच्यासोबत गेले होते, मला शिलाई मशीनचा पट्टा हवा होता. दुकानदार हिंदीत म्हणाला, "भैया, सायकल में लगाना है या ब्याह करना है?" भाऊ डोळे न उघडता म्हणाले, "ब्याह में इतना देखते तो आधे लोग सुखी रहते."

या टोळीतला त्यांचा जिवाचा माणूस म्हणजे मनोहर. वर्कशॉपमध्येच हेल्पर. बुटका, गोल चेहऱ्याचा, सारखा हसणारा. आमच्याच रांगेत शेवटच्या क्वार्टरमध्ये राहायचा. बायको वत्सला, नवीनच लग्न झालेलं. मनोहरची सायकल या दोघांनी मिळून एक अख्खा हिवाळा जमवली होती. फ्रेम जुनी, बावीस इंची, कारण मनोहरला चोवीसची झेपत नव्हती. मागचं चाक भाऊंनी स्वतः बांधलेलं, एकेक तार बोटानं छेडून, सारख्या सुरात आणून. सीट कातड्याची. दोघांनी ठरवलं होतं, पुढच्या थंडीत चिखलदऱ्यापर्यंत सायकलीनं जायचं.

एकाच गोष्टीवरून दोघांत रोज भांडण. मनोहर सीट खाली ठेवायचा. दोन्ही पाय जमिनीला पुरे टेकले पाहिजेत, तेव्हाच त्याला धीर यायचा. त्यामुळे चालवताना गुडघे बाहेर पडत.

"बेंडूक दिसून राहिला तू, बेंडूक," भाऊ चिडवायचे. "असा चिखलदरा चढशीन? अर्ध्या रस्त्यात गुडघे हातात घेऊन बसशीन."

"बेंडूक त बेंडूक. बेंडूक कधी पडते का गा?" मनोहर म्हणायचा.

तुझ्या लक्षात येतंय ना ते काय म्हणत होते? पाय चालवताना पुरा लांब व्हायला हवा, तर ताकद लागत नाही. त्यासाठी सीट वर पाहिजे. पण सीट वर केली की थांबल्यावर फक्त पायाचा अंगठा जमिनीला लागतो. मुरलेला माणूस थांबताना सीटवरून पुढे उतरून उभा राहतो. मनोहरला ती सवय नव्हती.

पोळा होऊन आठ-दहा दिवस झाले होते. रविवार. मी नळावर भांडी घासत होते. दोघंच निघाले होते खाप्याला, बाकीचे कुणी ड्यूटीवर, कुणी गावी. निघताना भाऊंनी पाना काढला आणि मनोहर नको नको म्हणत असताना त्याची सीट एक इंच वर केली. दांडा वर आला तशी जुन्या रेघेच्या खाली त्याच्यावर नवी रेघ ओढली. मनोहर बसून पाहू लागला. एका बाजूला कलंडला, पुन्हा सावरला.

"पाय टेकून नाई राहिला गा, श्रावण."

"टेकाचा कायले? तू चालवाले बसून राहिला का थांबाले?"

मी हसले. हो, मीही हसले. मनोहर माझ्याकडे पाहून म्हणाला, "वैनी, पाहा, एका इंचानं मोठा झालो मी." आणि गेले.

खाप्याच्या अलीकडे एका नाल्यावर रपटा होता. बुटका पूल म्हण, कठडा नसलेला. पावसाळ्यात पाणी त्याच्यावरूनच वाहतं. त्या दिवशी वर चार बोटं पाणी आणि कडेला शेवाळ. भाऊ पुढे होते, ते पार झाले. मागून मनोहर निम्म्यात आला आणि समोरून बैलगाडी चढली. मनोहर थांबला. कडेला सरकून त्यानं पाय खाली ठेवला, आणि पाय जमिनीला पोचलाच नाही. सायकलसकट खालच्या अंगाला गेला. खाली पाणी गुडघाभर होतं. पण दगड होते.

गाडीवाल्यानं नंतर सगळ्यांना एकच सांगितलं. "थांबले होते बिचारे. पाय ठेवाले गेले अन् गेलेच."

भाऊ त्याला त्याच बैलगाडीत घालून घेऊन आले.

तेराव्यानंतर वत्सलेनं ती सायकल श्रावणभाऊंच्या दाराशी आणून उभी केली. "हे माझ्या दारातून जाऊ द्या. तुमीच ठेवा." एवढंच म्हणाली. सीटबद्दल तिला काही ठाऊक आहे का, हे तिच्या चेहऱ्यावरून कळेना. ठाऊक असलेले आम्ही दोघंच होतो, भाऊ आणि मी. आणि आम्ही त्यावर एकमेकांशी बोललो नाही. भाऊंनी वाकलेलं हँडल सरळ केलं, चाकाचा आऊट, म्हणजे डगमग, काढला, सायकल रोज पुसायला लागले. सीट मात्र हलवली नाही. वरच होती, नव्या रेघेवर.

रविवारची टोळी मोडली. ओटा रिकामा झाला. भाऊ एकटेच जाऊ लागले.

एक दिवस दुपारी मी तांदूळ निवडत बसले होते. ते आले आणि पायरीवर बसले. म्हणाले, "वैनी, आमी भुताखेताले मानत नाई. दीक्षा घेतली तवाच ते सोडलं. देव सोडले, अंगात येनं सोडलं, सगळं."

"मग?"

"मंग एक सांगा. मी पैडल मारनं थांबवलं का माह्या मागं एक फ्रीव्हील वाजते. माहं नाई. दुसरं. दोन हात मागं."

मी सूप खाली ठेवलं. म्हटलं, "वारा असेल, भाऊ."

"वाऱ्याले पल राहत नाई."

फिटर माणूस, त्यांनी ते तसं सोडलं नाही. आधी साखळी बदलली. मग मडगार्ड काढून पाहिलं. मग आपल्या फ्रीव्हीलमध्ये ग्रीस ठासून भरलं, म्हणजे ते मुकं होईल. तरी आवाज. शेवटी त्यांनी फ्रीव्हील काढूनच टाकलं आणि फिक्स दातेरी चाक बसवलं. फिक्स म्हणजे काय तुला सांगते. चाक फिरतं आहे तोवर पैडल फिरतंच, पाय थांबवता येत नाहीत. त्याच्यात टिकटिक करणारं काही नसतंच. उतारावर पाय भिंगरीसारखे फिरतात, माणूस घामाघूम होतो. असल्या सायकलीवर सहलीला कुणी जात नाही. भाऊ गेले. सावनेर रस्त्याच्या उतारावर गेले आणि आले.

मी ओट्यावरच होते. विचारलं, "काय झालं?"

"आता माह्या सायकलीत आवाजच नाई, वैनी," ते म्हणाले. "म्हनून त्याचा अजून साफ ऐकू येते."

त्याच्या पुढच्या रविवारी ते दोन सायकली घेऊन निघाले. आपल्या सायकलीवर स्वतः बसलेले, उजवा हात आपल्या हँडलवर आणि डाव्या हातानं मनोहरच्या सायकलीचं हँडल मधोमध धरलेलं. सायकलीच्या दुकानातली माणसं नेतात ना एकावर बसून दुसरी, तशी. रिकामी सायकल ढकलत नेली की तिचं पैडल फिरत नाही, म्हणून तिचं फ्रीव्हील सारखं वाजत राहतं. अख्ख्या रस्त्यानं टिकटिकटिकटिक. कॉलनीतली माणसं दारात येऊन पाहू लागली.

मी विचारलं, "हे काय भाऊ?"

"आवाज येतेच, त खरा येऊ द्या," ते म्हणाले. "ज्या आवाजाले कारन हाय त्याचा तरास नाई होत."

तेव्हापासून दर रविवारी. ऊन असो, थंडी असो. खाप्याच्या रस्त्यानं जायचे, रपट्याच्या अलीकडे थांबायचे, पलीकडे कधी गेले नाहीत. लोक आधी हसले, मग हळहळले, मग त्यांना सवय झाली. लहान मुलांना आया सांगायच्या, "थांबा, दोन सायकलवाला मामा येऊन राहिला," आणि मुलं खेळ थांबवून रस्ता सोडून उभी राहायची.

याच काळात पॉवर हाऊसच्या सायकल स्टँडवर एक विचित्र प्रकार सुरू झाला. माणसं ड्यूटी संपवून येत आणि आपल्या सायकलीवर बसत तर गुडघे छातीला लागत. सीट खाली. आज याची, उद्या त्याची. एक दिवस इंजिनिअर साहेबांचीच सायकल. उंच माणूस, टांग टाकून बसला आणि दोन पैडल मारताच गुडघा हँडलवर आपटला. साहेबानं चौकीदाराला झापलं. चौकीदार दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत लपून बसला आणि पाहतो तर श्रावणभाऊ. पाना घेऊन रांगेनं एकेक सीट खाली करत चाललेले, अगदी मन लावून, इंच इंच करत पार तळापर्यंत.

साहेबानं बोलावून घेतलं. तुझे आजोबा तिथेच कागद घेऊन उभे होते, त्यांनी ऐकलेलं सांगते.

"श्रावण, ये क्या बचपना है? माझी सीट तूच लावून दिली होतीस ना?"

"हो साहेब. चुकीची लावली होती."

"चुकीची? वर्षभर मला काही त्रास नाही झाला."

"तरास व्हाची वाट काहून पाहाची, साहेब?"

साहेबांनी काही कारवाई केली नाही. पण त्या दिवसापासून भाऊंनी लोकांच्या सायकलींना हात लावणंच सोडलं. कुणी सुतळीचं माप घ्यायला बोलावलं तर, "आता मले येत नाई," म्हणायचे.

दोन वर्षं अशीच गेली. मग वत्सलेला काम लागलं. तीन मैलांवरच्या गावात बालवाडीत शिकवायचं. बस त्या बाजूला जात नव्हती. पायी जाऊन येऊन दिवस मोडला असता. सायकल शिकली बिचारी कॉलनीच्या मैदानात, आजोबांच्या सायकलीवर, मीच मागून धरून पळायची. आम्हा दोघींना पाहून बायका तोंडाला पदर लावायच्या. शिकली. आणि एक दिवस श्रावणभाऊंच्या दारात जाऊन उभी राहिली.

"भाऊजी, मले सायकल लावून द्या."

ते खाली बसून काहीतरी घासत होते. वर पाहिलंच नाही. "सदरले चांगली दुकानं हाय."

"दुकानातली नाई पायजे. तुमच्या हातची पायजे."

नाही म्हणवलं नाही त्यांच्यानं. आणि मग काय सांगू मीनू, त्या माणसानं त्या सायकलीत जीव ओतला. बायकांची, मधली दांडी नसलेली फ्रेम चार वेळा बदलून आणली. लुगडं चाकात जाऊ नये म्हणून मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी. साखळीला पुरं झाकण. ब्रेक काड्यांचे, कारण तार तुटते, काडी तुटत नाही. हँडल उंच. घंटी पितळेची. सीटखाली जाड स्प्रिंगा. सगळं झालं, महिना झाला, दीड महिना झाला. पण सीट दांड्यावर नुसती ठेवलेली, खालचा बोल्ट ढिला. हात लावला की वरखाली होई. "थोडं राहिलं हाय," एवढंच म्हणायचे. वत्सला आठवड्याला दोनदा येऊन परत जायची.

शेवटी तिला कागद आला. सोमवारी हजर व्हा, नाही तर दुसरी बाई घेतो. रविवारी सकाळी ती मला घेऊनच गेली. भाऊ निघायच्या तयारीत होते. त्यांची सायकल दारात, मनोहरची आत भिंतीला टेकलेली, आणि मधे वत्सलेची नवी, तिच्या सीटला अजून बोल्ट कसलेला नाही.

"भाऊजी, आज कसून द्याच."

"कोनत्या उंचीवर कसू?" ते म्हणाले. आवाज एकदम कोरडा.

"मले काय माहीत? ते तुमचं काम हाय."

"माहं काम नाई ते. मले येत नाई." त्यांनी पाना खाली ठेवला आणि जमिनीकडे पाहत बोलले. "त्याची सीट मी वर केली होती. त्या दिवशी सकाळी. एक इंच. तो नाई म्हनत होता. पाय टेकत नाई म्हनत होता. मीच म्हनलं, टेकाचा कायले. या वैनी होत्या तिथं, विचारा."

वत्सलेनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. बाहेर कुणाच्या तरी घरी रेडिओ लागला होता. तो मला इतका मोठा कधीच वाटला नव्हता.

मग ती म्हणाली, "मले माहीत हाय. मले सांगून गेले होते ते."

भाऊंनी वर पाहिलं.

"म्हनले, श्रावणनं सीट वर केली हाय. त्याचं मन राखतो, पुढं जाऊन खाली करतो. तुमी रस्त्यात चहाले थांबले होते ना? तवा खाली केली त्याईनं. पाना होता त्याईच्या खिशात."

"त्यानं खाली केली होती?"

"हो."

मनोहरची सायकल तिच्या पाठीशीच उभी होती. तिची सीट नाल्यातून काढली तेव्हा होती तशीच, भाऊंनी न हलवलेली. दांड्यावरच्या दोन्ही रेघा उघड्या दिसत होत्या. सीट खालच्या, नव्या रेघेपर्यंत वर ओढलेली. भाऊंनी तिकडे पाहिलं. मीही पाहिलं. वत्सलेनं मात्र मान वळवली नाही. भाऊंकडेच पाहत उभी राहिली.

"असं म्हन्ता?" ते हळूच म्हणाले.

"असंच हाय."

त्यांनी पाना उचलला. "बसा सायकलीवर. दोन्ही पाय खाली टेकवा. टाचा बी. पुऱ्या." ती बसली. त्यांनी सीट खाली खाली आणली, तिच्या टाचा फरशीवर पुऱ्या टेकल्या आहेत हे वाकून पाहिलं, हातानं चाचपून पाहिलं आणि बोल्ट कसला. इतका कसला की पाना कुरकुरला. रेघ मात्र ओढली नाही.

आम्ही बाहेर पडलो. सायकल हातात धरून ती माझ्या बाजूनं चालत होती. मला राहवेना. "वत्सला वं, खरं होतं का ते? मनोहर तुला सांगून गेला होता?"

"मी त तवा पोया लाटून राहिली होती, ताई. ते बाहेरूनच गेले. माह्याशी बोलले बी नाई."

"मग तू..."

"सोमवारी कामावर जाचं हाय मले. तो बोल्ट कसल्याबगर जाता आलं असतं का?"

"म्हणजे तू माफ केलंस त्यांना, असंच ना?"

ती थांबली. डोळे अगदी कोरडे. "ते मले येत नाई, ताई. अजून त नाई आलं. तुमी त्याईले सांगू नका." आणि पुढे गेली.

मी नाही सांगितलं. पुढच्या रविवारी मी ओटा झाडत होते, तर श्रावणभाऊ निघाले दोन्ही सायकली घेऊन. आमच्या दारापुढे थांबले. कित्येक दिवसांनी त्यांचा चेहरा मोकळा दिसला. माझी नजर मनोहरच्या सायकलीवर गेली. तिची सीट खाली आली होती. एक इंच. जुन्या रेघेवर, तंतोतंत.

"वैनी," ते म्हणाले, "मी पाहून घेतलं नीट. खालीच होती. दोन वर्षं माहंच पाहाचं चुकून राहिलं होतं."

ज्या माणसाला रस्त्याच्या पलीकडून दोन बोटांचा फरक दिसायचा, तो मला हे सांगत होता. आणि उत्तराची वाट पाहत होता, मीनू. एखाद्या लेकरानं पाहावं तसा. मी केरसुणी हातात धरून म्हणाले, "हो भाऊ, खालीच होती."

एवढंच माझ्या पोटात होतं. वत्सला खोटं बोलली ती तिच्या गरजेपोटी. मी काहून बोलले, ते मला आजही सांगता येत नाही.

मागचा आवाज थांबला का, हे विचारायचा धीर मला झाला नाही. ते मात्र दर रविवारी जात राहिले, दोन्ही सायकली घेऊन. वत्सला रोज त्यांच्या दारावरून सायकलीनं जायची, घंटी वाजवायची नाही, आणि ते दारात असले तरी मान वळवायची नाही. पण सायकल कधी दुसऱ्याकडे नेली नाही. पंक्चर झालं तरी त्यांच्याच दारात उभी करून ठेवायची आणि संध्याकाळी न बोलता घेऊन जायची.

काही वर्षांनी तुझ्या आजोबांची बदली झाली. ट्रकमध्ये सामान भरलं, मी पुढे ड्रायव्हरजवळ बसले. दिवस रविवारचाच. कॉलनी सुटल्यावर एक अरुंद मोरी लागते, तिथे एका वेळी एकच गाडी जाते. पलीकडून भाऊ येत होते. वयाच्या आधीच ते म्हातारे दिसायला लागले होते, केस पिकलेले. आमचा ट्रक पाहून ते थांबले. त्यांनी आपले दोन्ही पाय जमिनीवर ठेवले, पुरे, टाचेसकट. मग डाव्या हातातली सायकल अंगाशी ओढली, तिच्या सीटभोवती हात टाकला आणि तिला छातीशी धरून उभे राहिले. ट्रक जवळून जाताना मी हात केला. त्यांनी मला पाहिलं नाही. ते त्या सायकलीकडे वाकून काहीतरी बोलत होते, ओठ हलत होते. ट्रक गेला, धूळ खाली बसली, रस्ता सगळा मोकळा झाला, तरी ते तसेच उभे होते. वळण येईपर्यंत मला दिसत होते. निघालेले काही दिसले नाहीत.

बस, आता नाही लिहवत. तू ये पोरी. दिवाळीची वाट पाहत बसू नको, सुट्टी नसेल तर शनिवार-रविवार ये. सकाळच्या गाडीनं निघ म्हणजे उजेडात पोचशील. मी दार उघडंच ठेवते. लवकर येजो.